डॉनीब्रुक : जत्रा बंद पडली, मारामारी उरली

आइस हॉकीचा सामना मध्येच थांबतो. खेळाडू हातमोजे भिरकावतात आणि एकमेकांवर तुटून पडतात. कोण कुणाला हाणतोय, पंचांनाही कळत नाही. अशा धुमश्चक्रीला इंग्रजीत म्हणतात ‘डॉनीब्रुक’. खरं तर हे एका गावाचं नाव.

आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या दक्षिणेला, डॉडर नदीच्या काठावर हे गाव होतं. आज ते शहराचाच भाग आहे, आणि चांगलंच महागडं. १२०४ साली इंग्लंडच्या जॉन राजाने इथे दरवर्षी जत्रा भरवण्याची सनद दिली. त्याच वर्षी त्याने डब्लिनचा किल्ला बांधायचा हुकूम सोडला होता, तेव्हा पैशांची निकड असणारच.

ऑगस्टच्या अखेरीस माळावर तंबू पडायचे. सुरुवातीला भर व्यापारावर होता. पण एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत व्यापार मागे पडला आणि दारू, व्हायोलिन, नाच यांचंच राज्य आलं. आणि अर्थात भांडणांचं.

भांडण उकरून काढायची तऱ्हाही न्यारी सांगतात. अंगातला कोट उतरवायचा, मातीतून फरफटत न्यायचा आणि ललकारायचं, ‘आहे कुणाची छाती, माझ्या कोटावर पाय द्यायची?’ गर्दीत पाय पडायला कितीसा वेळ! मग निघायची शिलेली, म्हणजे ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झुडपाची किंवा ओकची गाठाळ काठी. ‘दिसेल ते डोकं फोड’, हा म्हणे तिथला एकमेव नियम.

त्या काळी आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत गटागटांच्या लढायाही होत. मन्स्टर प्रांतातले कॅरवॅट आणि शॅनव्हेस्ट हे गट त्यासाठी कुप्रसिद्ध होते. पण तिथे आपला कोण, परका कोण, हे आधीच ठरलेलं. डॉनीब्रुकच्या मारामारीत बाजूच नाहीत, हीच तिची खासियत.

खरोखर किती डोकी फुटत होती? जत्रेच्या कहाण्या रंगवणाऱ्यांत दारूविरोधी प्रचारक होते, तसेच आयरिश माणूस म्हणजे जन्मजात भांडखोर असं मानणारे इंग्रजही होते. त्यामुळे या कहाण्या जरा हात राखूनच ऐकाव्यात. भांडणाऱ्यांपेक्षा नाचणारेच जास्त असतील, असं आम्हाला वाटतं.

पण बदनामी झाली ती झालीच. १८५५ मध्ये एका समितीने जत्रेचे हक्क मॅडन कुटुंबाकडून ३,००० पौंडांना विकत घेतले. कशासाठी? जत्रा कायमची मोडायला! पुढे १८६६ मध्ये गावात नवं चर्च उघडलं, तेही २६ ऑगस्टला. जत्रा सुरू व्हायची ती नेमकी हीच तारीख.

शब्दाला मात्र कुणी विकत घेऊ शकलं नाही. तो अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात जाऊन रुळला. हॉकीच्या मैदानाइतकाच तो संसदेतल्या गोंधळालाही चालतो, आणि इंग्रजी शब्दकोशांत आता त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल असावं लागत नाही.