झटका नेमका उठतो कुठून?

नमस्कार, श्रोतेहो. आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार... नाव काहीही घ्या. आकडी आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज बोलू या, ज्यांचे झटके दोन-दोन औषधांनीही थांबत नाहीत त्यांच्याविषयी. साधारण तिघांत एक रुग्ण असा असतो. त्यांतल्या काहींना शस्त्रक्रियेने आराम पडतो. पण आधी कळायला हवं, झटका नेमका उठतो कुठून?

हेन्री मोलेसनची गोष्ट मला सांगायलाच हवी. १९५३ साल, अमेरिकेतलं हार्टफर्ड. हेन्री २७ वर्षांचा, झटक्यांपायी काम करणं अशक्य झालेला. मेंदूच्या विद्युत आलेखात झटक्याची ठरावीक जागा सापडेना. मेंदूचं आतलं चित्र दाखवणारं एमआरआय तर तेव्हा जगातच नव्हतं. तरीही डॉक्टर विल्यम स्कोविल यांनी त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, समुद्रघोड्याच्या आकाराचा तो भाग, बराचसा काढला. आणि दोन्ही बाजूंचा, बरं का, दोन्ही बाजूंचा! झटके पुष्कळ कमी झाले. पण नवी आठवण टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या. दर भेटीत त्या त्याला अनोळखीच! ५५ वर्षं तो तसाच जगला. स्कोविल यांच्या अंदाजाने आठ सेंटीमीटर भाग काढला होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआयच्या अभ्यासात तो पाचेक सेंटीमीटरच निघाला. काय काढलं, हे कळायलाच चाळीसहून जास्त वर्षं लागली!

आज एमआरआयच्या पातळ छेदांत आकसलेला, पांढुरका दिसणारा हिप्पोकॅम्पस ओळखता येतो; झटका तिथून उठत असू शकतो. पेट स्कॅन या दुसऱ्या तपासणीत मेंदूतला साखर कमी वापरणारा भाग कळतो, तोही झटक्याच्या जागेचा इशारा. बोलण्याचं केंद्र कुठे, तेही आधी बघतात. पण हे चित्र आणि व्हिडिओ ईईजी, म्हणजे झटक्याचं चित्रण करत काढलेला मेंदूचा विद्युत आलेख, दोन्हींचं बोट एकाच जागेकडे हवं. पुन्हा सांगते, एकाच जागेकडे. आणि साध्या एमआरआयचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून आशा सोडू नका. अपस्मारासाठी खास पद्धतीने काढलेला एमआरआय वेगळा.

जाता जाता, लग्न ठरवताना मुलीची आकडी लपवतात, त्याचा मला फार त्रास होतो. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींतून अपस्मार १९९९ सालीच वगळला. मग लपवायचं कशाला? लपवलं की गोळ्याही चोरून घ्याव्या लागतात, चुकतात, आणि झटके वाढतात.

तर डॉक्टरांकडे जाताना जुन्या फिल्म, सीडी आणि कुणी मोबाइलवर टिपलेला झटक्याचा व्हिडिओ सोबत न्या. नमस्कार.