कार्ड घेऊन सीटी स्कॅन कुठं करायचा?

नमस्कार मंडळी. आयुष्मान कार्ड म्हणा की महात्मा फुले योजना, खान्देशात घरोघरी माहिती आहे, पण कार्डावर सोनोग्राफी, सीटी करणारा डॉक्टर कुठं मिळेल हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

चोपड्याकडच्या एका मावशींचं सांगतो. कंबरेतून कळ यायची, लघवीला रक्त, गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं मुतखडा दिसतोय, जळगावला नेऊन भरती करा आणि सीटी काढा. पोरगा बिचारा एसटीतून उतरला आणि मावशींना घेऊन एकेक स्कॅन सेंटर फिरायला लागला, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबर लावलेलं, आणि प्रत्येक काउंटरवर एकच उत्तर, "इथं कार्ड चालत नाही." मावशी पायरीवरच बसल्या. तेवढ्यात एका रिक्षावाल्याने विचारलं, "माय, भरती कराले सांगेल शे का?" हो म्हटल्यावर तो म्हणाला मग सेंटर कशाला फिरता, आणि थेट योजनेतल्या दवाखान्यात नेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनीसाच्या, टेबलासमोर उभं केलं. आधार, रेशनकार्ड बघितलं, डॉक्टरांनी तपासून भरती केलं, सीटी झाला, खडा काढला, बिल शून्य. रिक्षावाल्याने भाडंसुद्धा घेतलं नाही हो! अशी माणसं आहेत म्हणून चाललंय.

तर लक्षात घ्या, योजना दवाखान्याला जोडलेली असते, सुट्या स्कॅन सेंटरला नाही. भरती झालात की त्या आजाराच्या तपासण्या पॅकेजमध्येच येतात. नुसती ओपीडीची सोनोग्राफी कार्डावर सहसा होत नाही, त्यासाठी सरकारी दवाखाना गाठा. परत सांगतो, रेडिओलॉजिस्ट शोधू नका, आरोग्यमित्र शोधा.

आणि माझं तर स्पष्ट मत आहे, आरोग्यमित्राचं टेबल गेटजवळच पाहिजे, मोठी पाटी लावून, कुठंतरी जिन्याखाली नको. हां, आणि सीटीची फिल्म घडी घालून पिशवीत कोंबू नका, पुढच्या डॉक्टरांना त्यात काय दिसणार? घरी गादीखाली सपाट ठेवा.

निघायच्या आधी योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला फोन लावा, एक पाच पाच, तीन आठ आठ, आणि आपल्या आजारासाठी जिल्ह्यातला कोणता दवाखाना योजनेत आहे ते विचारा. भरती झाल्यावर कुणी तपासणीचे पैसे मागितले तरी तिथूनच, काउंटरसमोर उभं राहून, हाच नंबर लावा.