मिथेनची खूण

श्रोतेहो, नमस्कार. मिठाचं पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते, हे तुम्ही पाहिलंच आहे. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रकाश बघायचा आणि पदार्थ ओळखायचा. तपकिरी बटू असेच ओळखतात.

तपकिरी बटू म्हणजे तारा होता होता राहिलेला गोळा. वस्तुमान गुरूच्या साधारण 13 ते 80 पट, पण पोटात हायड्रोजन कायम पेटता राहील एवढी उष्णता नाही. ‘तपकिरी’ हे नाव मला कधीच पटलेलं नाही. जवळून पाहिला तर तो मंद, जांभळट लाल दिसेल. आणि असे गोळे असणार हे 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच गणिताने मांडणारे शिव कुमार शाळेच्या पुस्तकात असायलाच हवेत!

तर, ऑक्टोबर 1994. पालोमर वेधशाळेत ग्लीझ 229 या ताऱ्याला अगदी खेटून एक अंधुक ठिपका दिसला. तारा आपल्यापासून जेमतेम 19 प्रकाशवर्षांवर. पण ठिपका त्याचाच सोबती, की मागे कुठेतरी दूरवरचा भलताच तारा? घाईने जाहीर करण्याऐवजी संशोधक वर्षभर थांबले. वर्षाने पाहिलं, तर तारा आकाशात सरकला होता आणि ठिपकाही त्याच्याबरोबर सरकला होता. सोबतीच तो! मग त्याचा अवरक्त प्रकाश वर्णपटात पसरून पाहिला, आणि त्यात चक्क मिथेन. गुरूच्या वातावरणात असतो तोच मिथेन! ताऱ्याच्या धगीत मिथेन टिकत नाही, तिथला कार्बन ऑक्सिजनशी जोडी जमवतो. पुन्हा सांगतो: मिथेन दिसला, म्हणजे तो तारा नव्हे. तापमान निघालं 1000 केल्विनच्याही खाली.

दुसरी खूण लिथियमची. ताऱ्यात ते जळून संपतं, हलक्या बटूत शिल्लक राहतं.

पण ग्लीझच्या या सोबत्याचा हिशेब जुळेना. वजन गुरूच्या सुमारे 70 पट, आणि उजेड त्या मानाने फारच कमी. 2024 मध्ये उलगडा झाला. तो एक नव्हताच. गुरूच्या 38 पट आणि 34 पट असे दोन बटू, दर 12 दिवसांनी एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करणारे. 30 वर्षं आपण दोघांचा प्रकाश एकाच्या नावावर मांडत होतो.