गॅस गीझर कुठे बसवावा?

नमस्कार श्रोतेहो.

थंडी सुरू झाली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एखादी चार ओळींची बातमी येते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, हाका मारल्या, दार तोडले, तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती आणि गॅस गीझर चालू होता. गीझरमधून गॅसगळती झाली असावी, असे वाक्य बहुधा त्या बातमीच्या शेवटी असते आणि आपण सिलिंडरचा रेग्युलेटर एकदा तपासून निश्चिंत होतो. परंतु अशा अनेक मृत्यूंत गळती झालेलीच नसते. गॅस व्यवस्थित पेटलेला असतो, पाणी गरम येत असते, यंत्रात वरवर काहीही बिघाड नसतो. चुकलेली असते ती फक्त गीझरची जागा. म्हणून आज गॅस गीझर घरात बसवताना काय पाहावे, याविषयी मी बोलणार आहे, आणि त्यातही अधिक वेळ या जागेच्या प्रश्नालाच देणार आहे.

आपल्याकडे सर्वाधिक खपणारा गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा असतो. पाणी साठवून न ठेवता वाहत्या पाण्याला तो काही क्षणांत पंचवीसेक अंश सेल्सियसने तापवतो. यासाठी लागणारी उष्णता स्वयंपाकाच्या शेगडीच्या पाच-सहा बर्नरांइतकी असते, आणि सतत चालला तर असा गीझर तासाला साधारण १ किलो एलपीजी जाळतो. १ किलो एलपीजी पूर्णपणे जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. आता सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी एक बाथरूम डोळ्यांसमोर आणा. तिच्यात सगळी मिळून साडेपाच घनमीटरच्या आत-बाहेर हवा मावते. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत गीझरला त्यातली सव्वातीन घनमीटर हवा लागते, म्हणजे खोलीतल्या निम्म्याहून अधिक. त्याच हवेत आंघोळ करणारा माणूस श्वास घेत असतो, आणि गीझरने जाळून टाकलेली हवा पुन्हा त्याच चार भिंतींच्या आत सोडलेली असते.

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद खोलीत हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांनी जरी उतरले, तरी ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरमधला गॅस सुटला तर आपल्याला कळते, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. परंतु गॅस जळला की ते द्रव्यही जळून जाते. त्यामुळे ‘वास आला तर कळेलच’ हा भरवसा इथे पूर्णपणे निरुपयोगी ठरतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. आधी डोके जड होते, मग चक्कर येते, मळमळते आणि पायांतले बळ जाते. दाराची कडी दोन फुटांवर असूनही ती काढायला उठता येत नाही.

यावर ‘आमच्या बाथरूमला खिडकी आहे’ असे उत्तर मिळते. ती खिडकी बहुतेक ठिकाणी छताजवळची, तिरक्या काचपट्ट्यांची असते आणि डिसेंबरात वारा झोंबतो म्हणून तिच्यात वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा कोंबलेला असतो. दुसरे उत्तर असते एक्झॉस्ट फॅनचे. पंख्याने हवा बाहेर टाकायची, तर तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दाराखाली फट नसेल आणि दुसरा झरोका नसेल, तर पंखा नुसता फिरत राहतो. शिवाय गारठा लागतो म्हणून तो बंद ठेवणारे किती तरी लोक असतात. ज्या सुरक्षेसाठी माणसाला थंडीत कुडकुडावे लागते, ती सुरक्षा दररोज पाळली जाईल असे गृहीत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवूच नये. त्याची जागा ड्राय बाल्कनीत, गॅलरीत, बंगला असेल तर मागच्या अंगणाच्या भिंतीवर, अशा उघड्या हवेत असावी. मात्र ही जागा खरोखर उघडी हवी. अनेक इमारतींत ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती पूर्ण बंद केलेली असते. अशी बाल्कनी ही एक लहान खोलीच झाली आणि तिथे तोच धोका कायम राहतो. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. नळी कमी लागावी म्हणून गीझर नेमका बाथरूमच्या खिडकीखाली बसवला जातो. गीझरचा धूर तापलेला असल्यामुळे वर चढतो, खिडकीतून आत येतो, आणि आतला पंखा चालू नसेल तर तिथेच साचतो. म्हणून बाथरूमच्याच नव्हे, तर झोपायच्या खोलीच्या खिडकीपासूनही गीझर दूर सरकवून बसवावा. धुरासाठी नळकांडे असलेला गीझर घेतला असेल, तर ते नळकांडे वर चढत जाऊन थेट मोकळ्या हवेत उघडले पाहिजे. ते माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडून देणे म्हणजे धूर घरातच ठेवणे होय.

बाहेर गीझर बसवला की गरम पाणी उशिरा येते, ही तक्रार जरूर ऐकू येईल. पंधरा फूट लांबीच्या अर्धा इंची नळीत जेमतेम अर्धा-पाऊण लिटर पाणी असते. तांब्याभर गार पाणी आधी बादलीत पडते, एवढाच काय तो फरक.

आता जोडणीकडे वळू. गीझर विकत घेताना त्यावर आयएस १५५५८ या भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. एलपीजीचा गीझर पाइप गॅसवर तसाच जोडता येत नाही, कारण दोन्ही वायूंचा दाब आणि जेटचे छिद्र वेगळे असते. पाइप गॅस असलेल्या घरांनी त्यासाठीचाच गीझर घ्यावा आणि जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडून करून घ्यावी. सिलिंडर गीझरच्या अगदी खाली किंवा सांडपाण्याच्या जाळीजवळ ठेवू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो आणि जाळीतून खाली उतरतो. रबरी नळी आयएस ९५७३ मानकाची, नारिंगी रंगाची सुरक्षा नळी असावी, ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी, भिंतीच्या भोकातून ओवलेली नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. अंतर जास्त असेल तर तांब्याची किंवा लोखंडी नळी भिंतीवरून, डोळ्यांना दिसेल अशी न्यावी. जोडणी झाल्यावर मिस्त्री निघण्याआधी प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून घ्यावा. बुडबुडे धरले तर सांधा गळतो आहे. काडी पेटवून गळती शोधणारा मिस्त्री घरात काम करू देण्याच्या लायकीचा नाही.

त्यानंतर पाणी सोडून गीझर पेटवावा आणि पुढच्या छोट्या काचेतून ज्योत पाहावी. ती निळी, स्थिर आणि एका रांगेत दिसली पाहिजे. पिवळी टोके लवलवत असतील, तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नरमध्ये कचरा, कोळ्याचे जाळे अडकले आहे. वरच्या झडपांजवळ पांढऱ्या पत्र्यावर काळसर डाग उमटू लागला, तर तो फडक्याने पुसून गप्प बसू नये; ती काजळी आहे, आणि काजळी म्हणजे अर्धवट जळलेला गॅस. वर्षातून एकदा, शक्यतो थंडीच्या आधी, बर्नर आणि त्यावरचा तांब्याचा पंखेदार भाग जाणकाराकडून साफ करून घ्यावा. बोअरचे पाणी असेल तर आतल्या नळ्यांत क्षार साचतात, तेही काढावे लागतात.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली पाच-सहा माणसे एकापाठोपाठ एक अभ्यंगस्नान करतात आणि गीझर तासभर अखंड चालतो. गीझर आत असेल, तर पहिल्याला काही होत नाही, दुसऱ्याला थोडे जड वाटते, आणि तिसरा किंवा चौथा आधीच्या सर्वांची साचलेली हवा घेऊन आंघोळीला बसतो. तो बहुधा घरातला लहान मुलगा किंवा आजी असते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, विशेषतः शिक्षणासाठी आलेल्या मुलामुलींना, गीझरची जागा लगेच बदलता येणार नाही. त्यांनी घरमालकाकडे तो बाहेर हलवण्याचा आग्रह धरावा, आणि तो हलेपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच दार लावून आंघोळ करावी. खिडकीतला पुठ्ठा मात्र आजच काढावा.

बाजारात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून मिळणारी बरीच उपकरणे फक्त एलपीजीची गळती ओळखतात. कार्बन मोनॉक्साइडचा गजर वेगळा असतो. घेताना ते नाव नीट विचारून घ्यावे.

आणि आत गेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही, तर वाट पाहू नका. गॅस बंद करा, दार तोडा, स्वतः श्वास रोखून त्याला उचला आणि तत्काळ मोकळ्या हवेत आणा. त्याच्या तोंडावर पाणी मारत तिथेच बसू नका. श्वास थांबला असेल आणि कुणाला येत असेल, तर छाती दाबण्याचा उपचार सुरू करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गॅस गीझर चालू होता. हे सांगणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भारलेल्या रक्तालाही प्राणवायूचे रक्त समजतो आणि आकडा ९८ दाखवतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तास-दीड तास. रुग्ण शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला घरी थांबवू नका. रक्ताची तपासणी होईपर्यंत तो रुग्णालयातच असला पाहिजे.

नमस्कार.