दगडाला बुरशी आलीया

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्याची फजिती झाली की आपण म्हणतो, हिरा समजून गारगोटी उचलली. मला हे बोलणं कधीच पटलेलं नाही. भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीकरांनाही पटत नसणार! मी आयुष्यभर गारगोट्याच उचलल्या आणि मजेत आहे.

आज सांगणार आहे ते जांभळ्या दिव्याखाली उजळणाऱ्या आणि बोट लागलं तरी मोडणाऱ्या दगडांबद्दल. आपला काळवत्री दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि स्फटिक धरले. स्टिल्बाईट, स्कोलेसाईट, कॅल्साईट, आणि माझा लाडका ओकेनाईट. हा म्हणजे थेट कापसाचा बोंडा! पण प्रत्येक तंतू सरळ, केसाहून बारीक.

हा बोंडा मी पुण्याहून आणला. मांडीवर डबा, एसटीत एकदाही डुलकी नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी काचेच्या कपाटात ठेवला. पुढे दसरा आला. दसरा म्हणजे आमच्या आत्याचं साफसफाईचं युद्ध, त्यात वर्षाला एखादी कामाची वस्तू धारातीर्थी पडतेच. मी संध्याकाळी घरी आलो तर आत्या खुशीत. म्हणाली, "दगडाला बुरशी आलीया रं तुझ्या. घासून ठेवलाय बघ सोच्छ."

बुरशी! धुण्याच्या पावडरीत भिजवून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासला होता. तंतू सगळे चिकटून पडलेले, ओल्या मांजरासारखे. मी जेवलो नाही त्या रात्री.

पण गोष्ट पुढंच आहे. दोन दिवसांनी दिवे गेले. एका दुकानदार मित्राकडून नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली होती, ती सहज त्या दगडावर मारली. काय सांगू! लख्ख निळा उजेड! आधी हाच दगड त्याच बॅटरीखाली जेमतेम मळकट दिसायचा. मला वाटलं, वरचा थर निघाला, आत काहीतरी नवंच आहे. रात्री साडेनऊला भूगर्भशास्त्राच्या एका निवृत्त सरांना गाठलं, "सर, असाल तसे या."

सर आले. दगड पाहिला, काही बोलले नाहीत. बॅटरी घेतली आणि माझ्या बनियनवर मारली. बनियन निळं! मग दारात उभ्या आत्याकडे वळवली. तिचं पांढरं लुगडं ट्यूबलाईटसारखं पेटलं. आत्या ओरडली, "अगं बया, भूत!" आणि सर हसत पायरीवरच बसले.

चमकत होती ती धुण्याची पावडर. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून तिच्यात उजळवणारं रसायन घालतात. आपल्याला पांढऱ्याचं केवढं खूळ! आमच्या लहानपणी धोतर थोडं पिवळट असायचं, कुणाचं अडत नव्हतं. असो.

आता कामाचं. न दिसणारे अतिनील किरण दगडात शिरतात आणि दिसणारा प्रकाश बाहेर येतो. जॉर्ज स्टोक्सनं १८५२ साली फ्लोराईट या खनिजावरून याला फ्लुरोसन्स म्हटलं. बहुतेकदा करामत भेसळीची असते, मॅंगनीज शिरलेला कॅल्साईट गुलाबी-लाल उजळतो. नोटांच्या दिव्याच्या किरणांची तरंगलांबी साधारण ३६५ नॅनोमीटर. नाशिककडच्या पॉवेलाईट या खनिजाचा पिवळा उजेड पाहायचा तर २५४ चा दिवा हवा. तो डोळ्यांना घातक, चष्मा लावाच. साध्या काचेतून त्याचा किरण आरपार जात नाही, तेव्हा दगड कपाटाबाहेर काढूनच बघा.

आणि तंतूंचा दगड धुवू नका. पुन्हा सांगतो, धुवू नका. धूळ बसली तर रबरी फुग्यानं लांबून फुंकर. कापसात गुंडाळू नका, कापूस तंतूंत अडकतो आणि काढताना दोन्ही हातात येतात. बूड डब्याच्या तळाला चिकटवा, वर झाकण, तंतूंना काही टेकता कामा नये. कॅल्साईटजवळ लिंबू, व्हिनेगर, फरशीचं ॲसिड आणू नका, तो विरघळतो. आणि दगड कुठला ते चिठ्ठीवर लिहा. लगेच लिहा, उद्या आठवत नाही.

तो बोंडा अजून माझ्या कपाटात आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: ओकेनाईट, पुणे. धुलाई, कोल्हापूर.

नमस्कार.