एक दिवसाचं राफ्टिंग: नदी कुणाकडे बघून निवडायची?

नमस्कार मंडळी! सुट्टी जवळ आलीय, सगळं घर मिळून कुठेतरी नदीकाठी जायचं ठरलंय, आणि कुणीतरी मोबाईलवर तो फोटो दाखवलाय, पांढऱ्या फेसात अर्धी गायब झालेली राफ्ट, आतले सगळे तोंड उघडून ओरडतायत, आणि आता घरात "एक दिवस राफ्टिंग करूयाच" असं चाललंय, बरोबर ना? करा की, जरूर करा. फक्त तो फोटो बघून ट्रिप ठरवू नका, कारण फोटो नेहमी सगळ्यात मोठ्या रॅपिडवरच (म्हणजे खडकांमधून पाणी उसळत जोरात वाहतं त्या जागी) काढतात, बाकीचे तास ती नदी कशी वागते ते त्यात दिसतच नाही.

माझं मत सरळ आहे, नदी निवडायची ती घरातल्या सगळ्यात घाबरट माणसाकडे बघून. कॉलेजातल्या दादाकडे बघून नाही. कारण राफ्टमध्ये सगळे एकत्र बसतात आणि अर्ध्या वाटेत "मला उतरायचंय" म्हणायची सोय बहुतेक वेळा नसते, दोन्ही बाजूंना उंच कडे असले तर वर रस्त्यापर्यंत जायला पायवाटसुद्धा नसते. दादाला जास्तच खुमखुमी असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी मोठ्या पाण्यात वेगळा पाठवा, त्याच्यासाठी आजीला ओढू नका.

आता ग्रेड. रॅपिडना साधारण 1 ते 6 असे ग्रेड देतात. 1 म्हणजे नुसतं वाहतं पाणी, 2 मध्ये छोट्या सरळ लाटा, 3 मध्ये लाटा आत येतात, सगळे चिंब होतात आणि गाइडने सांगितलं की वल्हं मारावंच लागतं, 4 मध्ये पाण्याला खरा जोर असतो आणि कुणीतरी बाहेर पडू शकतं हे धरूनच चालायचं, 5 अनुभवी लोकांसाठी, आणि 6 मध्ये पर्यटकांना कुणी नेत नाही. (अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये मात्र 1 ते 10 अशी वेगळी मोजणी आहे, त्यामुळे तिथला 5 ऐकून दचकू नका.) लहान मुलं बरोबर असतील, सगळ्यांची पहिलीच वेळ असेल, तर 2 आणि अधूनमधून एखादा 3, एवढं भरपूर झालं, खरंच भरपूर.

पण गंमत अशी की हा ग्रेड काही दगडावर कोरलेला नसतो. तीच नदी, तोच टप्पा, पाणी वाढलं की 3 चा 4 होतो. बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्या बर्फ भराभर वितळत असतं त्या दिवसांत जोरात असतात आणि पाणी गारठणक, वितळणं कमी झालं की त्या शांत होत जातात. धरणातून पाणी सोडतात त्या नद्यांचं वेगळंच, तिथे पाणी सोडायच्या वेळेवर सगळं अवलंबून. म्हणून "किती ग्रेड" एवढंच विचारू नका, "आम्ही येणार त्या आठवड्यात साधारण किती ग्रेड" असं विचारा. आणि जमलं तर हेही विचारा की रॅपिड संपल्यावर पुढे शांत डोह लागतो का रॅपिडला रॅपिड लागून आहेत, कारण पडलेल्या माणसाला राफ्टमध्ये परत ओढून घ्यायला तो डोहच कामाला येतो, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात सहसा लिहिलेली नसते.

फुल डे म्हणजे दिवसभर पाण्यात, असंही समजू नका हां. त्यात गाडीचा प्रवास असतो, कपडे-जॅकेट घालणं असतं, सूचना असतात, जेवण असतं. पाण्यावर नक्की किती तास आणि किती किलोमीटर ते विचारा. पाच-सात वर्षांचं पोर असेल तर मी हाफ डेच सांगेन, ओल्या कपड्यांत थंडी वाजायला लागली की तिसऱ्या तासाला रडारड सुरू होते आणि मग मजा कुणालाच येत नाही. गार पाण्यात शरीराची ऊब हवेपेक्षा कितीतरी पटीने लवकर जाते, त्यामुळे वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा, ऊब धरून ठेवणारा रबरी सूट) मिळतो का ते बघा, आणि जीन्स, कॉटनचे टीशर्ट घरीच ठेवा.

ज्यांना वल्हं मारायचं नाहीये त्यांच्यासाठी काही ठिकाणी मोठ्या वल्ह्यांची राफ्ट असते, गाइड एकटाच चालवतो, बाकीच्यांनी नुसतं धरून बसायचं. आजी-आजोबांना हीच बरी. गरोदर बाई, हृदयाचा त्रास, नुकतंच ऑपरेशन, खांदा निखळायची सवय, यांनी मात्र काठावरच थांबायचं, इथे आग्रह नको.

लाइफ जॅकेट घातलं की एकमेकांचं तपासा, खांद्याला धरून वर ओढायचं, ते हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्या माणसाचं नाहीच, दुसरं मागा. मुलांसाठी मुलांच्याच मापाचं. आणि पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय पुढे, पायाची बोटं वर, प्रवाहात उभं राहायचा प्रयत्न अजिबात नाही, पाय दगडात अडकतो आणि पाणी माणसाला वरून दाबतं. हे सगळं गाइड सुरुवातीला सांगतोच, तेव्हा सेल्फी काढत बसू नका म्हणजे झालं.

आणि कंपनी कशी ओळखायची? फोनवर विचारा, मुलांसाठी वयाची अट काय, सोबत सेफ्टी कयाक (पडलेल्यांना मदत करायला राफ्टबरोबर चालणारी छोटी होडी) असतो का, आणि पाणी जास्त वाढलं तर काय करता. "टप्पा बदलतो", "वयाची अट वाढवतो", "ट्रिप रद्द करून पैसे परत देतो", यातलं काही म्हणाले तर बिनधास्त बुक करा. "आमची ट्रिप कधी रद्द होतच नाही" म्हणाले, तर थँक्यू म्हणा आणि दुसरा नंबर लावा.