आधी पोटोबा, मग मिकी

[दृश्य : पुण्यातला फ्लॅट. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे साडेतीन. टेबलावर लॅपटॉप, दोन मोबाइल आणि एक दोनशेपानी वही.]

अमेरिकेतल्या ऑरलँडोमध्ये आत्ता सकाळचे सहा वाजलेत. तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या पार्क-हॉटेलांच्या पसाऱ्यातल्या रेस्टॉरंटांचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि तिकडच्या पहाटेलाच उघडतं. व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली. तरी या घरातली खरी धांदल आज आहे, आणि ती जेवणाची आहे.

"आई, दीडचं गेलं. एकचं मिळतंय."

"एकचंच घे गं. तुझ्या बाबांना जेवायला उशीर झाला की पित्त होतं."

डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना एक सवलत आहे. साठाव्या दिवशी त्यांना पुढच्या मुक्कामाचं, जास्तीत जास्त दहा दिवसांचं टेबल एकाच बैठकीत धरता येतं. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मात्र रोज एकेक दिवस उघडायची वाट बघावी लागते. म्हणून जाणकार मंडळी सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण पहिल्या दिवशी शोधतच नाहीत. ती मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापासून मागे येतात, कारण त्या तारखांना स्पर्धा कमी असते. वहीत आजींनी तारखा उलट्या क्रमाने का लिहिल्यात, ते आता कळलं असेल.

धरलेल्या टेबलावर गेलाच नाहीत, तर माणशी दहा डॉलर कापले जातात. विचार बदलला तर निदान दोन तास आधी रद्द करा.

[दृश्य : डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम पार्क, दुपारचं ऊन. काउंटरसमोरची गर्दी. ट्रेमध्ये फ्रेंच फ्राइज.]

एवढा खटाटोप कशासाठी, त्याचं उत्तर या ट्रेमध्ये आहे. दोन महिने आधी विचार न केलेलं शाकाहारी कुटुंब इथे दुपारी हेच खातं. संध्याकाळीही हेच.

खरं तर काउंटरवरच्या जेवणाला साठ दिवसांची भानगड नाही, मोबाइल पुरतो. डिस्नेच्या ॲपवर पदार्थ निवडायचा, घ्यायला यायची वेळ निवडायची आणि पोचल्यावर "आम्ही आलो" असं कळवणारं बटण दाबायचं. तोवर आत तुमचं ताट तयार करायला घेत नाहीत. हे काम सकाळी फाटकातून आत शिरतानाच करावं. पोटात कावळे ओरडायला लागल्यावर ॲप उघडलं, तर सोयीच्या वेळा केव्हाच गेलेल्या असतात.

मेनूवरचं हे हिरवं पान नीट बघा. 2019 पासून डिस्ने वर्ल्डच्या मेनूंवर ते दिसायला लागलं. आपल्याकडच्या पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध-तूप चालतं. या पानात मांस, अंडं तर नाहीच, पण दूध आणि मधही नाही. म्हणजे चीज घातलेल्या शाकाहारी पदार्थावर पान नसणार, आणि पान नाही म्हणून तो सोडून देण्याचं कारण नाही. फक्त विचारायचं. कांदा-लसूण चालत नसेल तर बुकिंग करतानाच तसं लिहावं. टेबलाशी येणाऱ्या माणसाला पुन्हा सांगायलाही लाजू नये.

[दृश्य : प्रवेशद्वार. बॅगांची तपासणी. स्टीलचा डबा उघडला जातो.]

हा आमचा सगळ्यात आवडता शॉट. बाहेरचं खाणं आत चालतं का, हा प्रत्येक मराठी घरातला पहिला प्रश्न. चालतं. काचेची बरणी चालत नाही, सुटा बर्फ चालत नाही. मेथीच्या पुऱ्या, चकली, दशम्या खुशाल न्या. फक्त स्टीलच्या डब्यामुळे तपासणीचं यंत्र हमखास थांबवतं, तेव्हा डबा प्लास्टिकचा असलेला बरा. सुरक्षारक्षकाने झाकण उघडून आत बघितलं, चकलीकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि हसून डबा परत दिला.

पाण्यावर पैसे घालवू नका. जिथे सोड्याचं यंत्र आहे अशा काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट मिळतो. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात तो घरटी दहा वेळा मागावा लागतो.

[दृश्य : एपकॉट. सरोवर आणि त्याच्या काठाने देशांचे मंडप.]

1982 साली उघडलेलं एपकॉट म्हणजे खाणाऱ्यांचं पार्क. मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत अकरा देश या तळ्याभोवती बसवलेत. एक फेरी साधारण दोन किलोमीटरची. अकरात भारत नाही. असो.

इटलीच्या मंडपात शिरलात तर पिझ्झाच्या भट्ट्या बघून या. प्रत्येक भट्टीला दाढीवाल्या पुरुषाचा भला मोठा चेहरा आहे आणि त्याच्या उघड्या तोंडात लाकडं पेटलेली. एटना, व्हेसुव्हियस आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावं त्यांना दिलीत. साधा मार्गेरिटा पिझ्झा मागवला की घरातले धाकटे आणि थोरले दोघेही गप्प. अगदी काटेकोर शाकाहारी असाल, तर चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं रेनेट (चीजसाठी दूध फाडायचं विरजण) आहे का, तेवढं विचारा.

[दृश्य : जंगल लॉजच्या मोठ्या खिडक्या. काचेपलीकडे जिराफ. टेबलावर नऊ वाट्या.]

आणि आता ज्याच्यासाठी कॅमेरा एवढ्या लांब आणला, ते.

हे कुठलं पार्क नाही. ॲनिमल किंगडम लॉज नावाच्या हॉटेलातला किडानी व्हिलेज हा भाग आणि त्यातलं 'साना' हे रेस्टॉरंट. इथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. समोर नान, कांद्याचा कुलचा, पनीरचा पराठा, आणि सोबतीला नऊ तोंडीलावणी. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, लसणाचं लोणचं. आजींनी तुकडा मोडला, लोणच्यात टेकवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले.

आफ्रिकेच्या नावाने चालणाऱ्या हॉटेलात नान कसा आला, असं वाटेल. पण तो तिथे आगंतुक नाही. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्याची गलबतं शतकानुशतकं पूर्व आफ्रिकेतल्या झांजीबार-मोंबासाकडे जात होती आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर परत येत होती. 1896 मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून आत रेल्वे टाकायला घेतली, तेव्हा बत्तीस हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून नेले. त्यात पंजाबी सर्वाधिक. 1901 मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला पोचले. मागोमाग गुजरातचे दुकानदार स्थिरावले. गोव्याचे कारकून, शिंपी आणि आचारीही त्या किनाऱ्यावर होतेच. आज केनियातल्या घरात चपाती लाटतात आणि तिला चपातीच म्हणतात. लवंग झांजीबारची, मसाला कुणाचा म्हणायचा ते तुम्ही ठरवा. तेव्हा या नऊ वाट्यांमध्ये डिस्नेने नवं काही शोधलेलं नाही. पूर्व आफ्रिकेचा किनारा जे जेवत आला, तेच इथे खिडकीशी मांडलंय.

खिडकीचंच सांगतो. अंधार पडल्यावरचं टेबल घेऊ नका. बाहेर काळोख असला की काचेत आपलीच तोंडं दिसतात आणि जिराफ राहतो बाजूला. दुपारचं घ्या. पार्कात त्या वेळी ऊन मी म्हणत असतं, उन्हाळ्यात तीनच्या पुढे-मागे वादळी सर कोसळते आणि उघड्यावरच्या राइड बंद पडतात. तेव्हा आपण थंडगार खोलीत, समोर झेब्रे.

[दृश्य : बिल. त्यावर पेनाने लिहिलेली टिप.]

बिलावर अठरा ते वीस टक्के टिप धरून चाला. सहा माणसांचं दोन वेळचं असं जेवण म्हणजे खिशाला चांगलीच चाट.

[दृश्य : बसथांबा.]

डिस्नेच्या बस फुकट आहेत. ॲनिमल किंगडम पार्कातून लॉजची बस पकडायची. ती दोन ठिकाणी थांबते, जांबो हाउस आणि किडानी व्हिलेज. 'साना' किडानीला आहे. चुकून जांबोला उतरलात तर दोन्हींच्या मधे पायवाट आहे. दहा मिनिटं जास्त धरा. टेबलाची वेळ आजींच्या वहीत आहेच.